अठरा दारांचं किचन

१ सप्टेंबर, सोमवार

आज गौरीचं हळदीकुंकू. जयपूरच्या विद्याधर नगरातल्या सगळ्या मराठी बायका आमच्या हॉलमध्ये. मी बाहेर जाणार होतो, पण कादंबरी येणार असं कळल्यावर आईला मदत करायची तीव्र इच्छा झाली.

ती सी-स्कीमहून तिच्या आईबरोबर आली. वडील डोळ्यांचे डॉक्टर, आई कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवते, ती स्वतः बँकेत. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मला चालतं.

करंज्यांचं ताट न्यायला ती स्वयंपाकघरात आली. वरचं कपाट उघडायला गेली तर हँडल तिच्या हातात आलं. मी तिथल्या तिथे मेलो. ती हसली. म्हणाली, सागाची आहेत ना ही, थोडी नीट केली तर काय सुंदर दिसतील. आणि हँडल माझ्या हातावर ठेवलं. दीड सेकंद तरी तिची बोटं माझ्या तळहातावर होती.

मुलगी कुणाच्याही घरच्या कपाटांबद्दल असं बोलत नाही. ज्या घरात पुढे राहायचंय त्याच घराबद्दल बोलते.

निश्चय: दसऱ्याच्या आत किचन नवं.

२ सप्टेंबर, मंगळवार

मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या पोराने आधी बूट काढायला लावले, मग खसचं सरबत दिलं, मग आकडा सांगितला. तीन लाख ऐंशी हजार. मी म्हटलं, एवढ्यात लोक लग्न उरकतात. तो म्हणाला, शादी की तो कोई वारंटी नहीं होती सर, हमारे ड्रॉअर की पंद्रह साल की है.

अशा माणसांशी वाद घालत नाही मी. वीस मिनिटं घातला.

संध्याकाळी बाबांशी बोललो. नागनाथराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला त्यांचा आधी लाल दिवा. माझं ऐकून घेतलं, उठले, कपाटातून पाकीट आणलं. कॉलेजने परत केलेलं डिपॉझिट. चाळीस हजार. म्हणाले, तुझेच आहेत, संपले की माझ्याकडे बघू नकोस.

कॉलेज मी सोडलं. मला काढलं नाही. तिसऱ्या वर्षी हजेरीच्या मुद्द्यावर एचओडीशी तत्त्वाचा प्रश्न निर्माण झाला. हा फरक घरात कुणालाही कळत नाही, आणि टोमणे मात्र बरोबर कळतात.

४ सप्टेंबर, गुरुवार

आईची अट: काही करायचं ते कर, पण कपाटं हलणार नाहीत. लाकूड तेच, दारं तीच, अठराच्या अठरा.

मग कपाटांचा इतिहास सुरू झाला. लग्नानंतर कुर्डुवाडीला बाबांच्या ओळखीच्या सुताराकडून करून घेतली. सगळी सुटी होतात. बदली झाली की खोलायची, सामानाच्या डब्यात चढवायची, नव्या गावी परत जोडायची. कुर्डुवाडीहून भुसावळ. भुसावळपर्यंत मी ऐकलं. मग रतलाम, कोटा वगैरे चालू झालं तेव्हा फोनवर रंग बघत बसलो. जयपूरला आलो तेव्हा मी पाचवीत होतो, मला काय करायचंय.

कादंबरीच्या स्टेटसला आज एका किचनचा फोटो. फिकट हिरवी कपाटं, पुढे बदाम. सेज ग्रीन म्हणतात त्या रंगाला. याहून स्पष्ट मुलगी काय बोलणार?

७ सप्टेंबर, रविवार

पवनजी सुतार येऊन बघून गेले. शास्त्री नगरात दुकान आहे. म्हणाले उद्यापासून श्राद्ध लागतायत, पंधरा दिवस जयपुरात कुणी नवं काम काढत नाही, त्यांचे हात रिकामे असतात, म्हणून निम्म्या भावात करतील.

बजेट म्हणजे नुसतं पैसे कमी असणं नव्हे. कधी खर्च करायचे ते कळणं. हे एचओडीला कळलं नसतं.

आईला कळलं तर ती पदर खोचूनच उभी राहिली. पक्षपंधरवड्यात घराला हातोडी लावायची नाही म्हणे. शिवाय सोळा तारखेला आजोबांची दशमी, खीर-वडे कुठे करायचे. मी शांतपणे समजावलं. आवाज खाली शर्मांच्या घरापर्यंत गेला असं आई म्हणते. शेवटी मुद्दा असा ठरला की हे नवं काम नाही, दुरुस्ती आहे, आणि पंधरा तारखेला किचन जसंच्या तसं तिच्या ताब्यात. शब्द दिला.

मी शब्द देतो तेव्हा देतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ९. काम सुरू. डबे सगळे हॉलमध्ये. पवनजींनी दारं उतरवून भिंतीला ओळीने लावली.

दुपारी २. पवनजींना काढून टाकलं.

कारण: मी रंगाचा डबा उघडला. त्यांनी आत बघितलं, मग सागाकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, बाबूजी, सागवान पे ये रंग? जैसे दूल्हे को मेहंदी की जगह डिस्टेंपर लगा दो. आणि हसले. हिरव्या रंगामागे कोण आहे हे त्यांना माहीत नाही, मला आहे. मी म्हटलं उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले आजचे द्या. दिले.

मी मेकॅनिकलची अडीच वर्षं केली आहेत. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांचे सारखेच फिरतात.

११ सप्टेंबर, गुरुवार

घासायचं मशीन भाड्याने आणलं. आयुष्यात इतकं मन कशात लागलं नव्हतं. गच्चीवर सगळी दारं मांडली आणि सकाळी आठपासून घासतोय. वर्षानुवर्षांचं तेल, तिखट, डाग सगळं खलास. दारांच्या मागे कुणीतरी पिवळ्या रंगाने काहीतरी गिचमिड आकडे घातले होते, मालगाडीच्या वाघिणीवर असतात तसे. किती घाण दिसतं ते. सगळे साफ केले. कडेला बिजागऱ्यांच्या स्क्रूची जुनी भोकं होती, तीही पुट्टीने बुजवून सपाट केली. दारांवर आणि चौकटींवरही. प्रोफेशनल फिनिश.

फोटो काढून कादंबरीला पाठवला. सहा मिनिटांत उत्तर. विचारलं, हे सगळं तू स्वतः करतोयस? मी म्हटलं, एकटाच. तिने लिहिलं, ग्रेट आहेस. मग विचारलं किती दिवस लागतील. मग विचारलं एकूण खर्च किती येईल.

खर्च विचारला. संसाराची चिंता आतापासून. चॅट तीनदा वाचलं. जेवलो नाही. आईने विचारलंही नाही, कारण तिनेही काही केलं नव्हतं, हॉलमध्ये गॅस लावायची सोय अजून झालेली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहिला हात. दुसरा हात. ओला रंग असताना शर्मांच्या कबुतरांनी दोन दारांवर परेड केली. खाली जाऊन शर्मांना सांगितलं की कबुतरं आवरा. ते म्हणाले कबुतरं त्यांची नाहीत, ते फक्त दाणे टाकतात. म्हटलं मग दाणे आवरा. आता दोन घरांत बोलणं बंद.

तिसरा हात. दारं काय दिसतायत. पुढून, मागून, एकसारखी हिरवी, एकही डाग नाही. कादंबरी या रंगाच्या साडीत कशी दिसेल याचा विचार करत गच्चीवर बसून राहिलो. उन्हाने मान भाजली.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी १०. आज दारं बसवायची. दोन तासांचं काम. एक वाजेपर्यंत आईला किचन, एक दिवस आधीच. मग बघतो कोण काय बोलतं.

सकाळी ११. पहिलं दार पहिल्या कपाटाला बसत नाही. कपाट वाकडं असणार.

दुपारी १२. दुसरं, तिसरं, पाचवं बसत नाही. नववं बसलं, पण उलटं आहे असं वाटतं.

दुपारी २. बाबा पेपर ठेवून आत आले. एक दार उचललं, मागची बाजू पुढे केली, त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरं दार. मग तिसरं.

"नंबर कुठायत रे?"

मी विचारलं कुठले नंबर.

बाबा बादली पालथी घालून त्यावर बसले. मग सांगायला लागले, माझ्याशी नाही, दाराशी. कुर्डुवाडीच्या सुताराने अठराही दारं एका मापाची केली होती. पण भुसावळच्या क्वार्टरची भिंत तिरकी, तिथे काही दारं थोडी तासली. रतलामला फरशी उतरती, तिथे खालची तासली. कोट्याला परत. प्रत्येक गावाने प्रत्येक दाराचं थोडं थोडं खाल्लं. त्यामुळे आता प्रत्येक दार फक्त आपल्याच चौकटीत बसतं, आणि कुठलं कुठलं ते मागच्या नंबरावरून कळायचं. चौकटीवरही नंबर होते. चौकटीवरचे मी कधी घासले?

अकरा तारखेला. आठवलं. ते तर सगळ्यात आधी घासले होते.

"पाच गावं फिरलो," बाबा म्हणाले. "एक दार चुकलं नाही कधी. काय करून ठेवलायस रे."

रागावले असते तर मी दुप्पट रागावलो असतो. ते उठून पेपर वाचायला गेले. पेपर उलटा नव्हता, पण पान एकच होतं, अर्धा तास.

महत्त्वाची गोष्ट घरातल्या मुलाला नीट सांगितली जात नाही आणि मग त्याला दोष दिला जातो. भुसावळनंतर इतका वेळ लावायची काय गरज होती?

१५ सप्टेंबर, सोमवार

हा गणिती प्रश्न आहे. अठरा दारं, अठरा चौकटी. टेप घेऊन सगळी मापं घेतली, लॅपटॉपवर तक्ता केला. फरक दोन-दोन मिलिमीटरचे. त्यात रंगाचे तीन हात प्रत्येक बाजूला. कबुतरांमुळे दोन दारांना पाच हात. तक्त्याने सांगितलं की एक नंबरच्या चौकटीत अकरा दारं बसू शकतात आणि सात नंबरच्या चौकटीत जगातलं कुठलंच दार बसू शकत नाही.

आई दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती.

आज किचन तिच्या ताब्यात द्यायचं होतं. तांत्रिक कारणाने पुढे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजोबांची दशमी. आईने हॉलमध्ये सोफा सरकवून जमिनीवर शेगडी मांडली. खीर, वडे, आमसुलाची चटणी सगळं तिथेच उकिडवं बसून. बसताना आणि उठताना ती भिंतीचा आधार घेत होती. मी उचलू का विचारलं तर म्हणाली, तू काही उचलू नकोस.

जनार्दनगुरुजी शास्त्री नगरातून साडेअकराला आले. विधी झाले. पान गच्चीवर नेऊन ठेवलं. कावळा नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास. कबुतरं आली, त्यांना मी हाकललं. पाण्याच्या टाकीवर एक कावळा होता. पानाकडे बघत होता, मग तोंड फिरवत होता. असा आडमुठा पक्षी मी पाहिला नाही.

आई म्हणाली मामंजींना दारांचं लागलंय. आजोबा गावी वारले तेव्हा ती कपाटं भुसावळला होती, त्यांनी ती नीट पाहिलीही नसतील. मी हे बोलून दाखवलं. गुरुजी म्हणाले, बाळ, हात जोड आणि सांग दारं नीट बसवीन म्हणून. मी तत्त्वतः नकार दिला. मी मेकॅनिकलचा माणूस, कावळ्याला काम पूर्ण करायची तारीख देणार नाही.

एक वाजला. दीड वाजला. गुरुजींना पुढे अजून दोन घरं होती. ते घड्याळाकडे बघत होते, बाबा माझ्याकडे, आई कुणाकडेच नाही. वडे गार झाले होते.

एक चाळीसला हात जोडून सांगितलं. हळू आवाजात.

कावळा आला. आधी खीर खाल्ली.

योगायोग. त्याची जेवायची वेळ झाली होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पवनजींना अजून एक संधी द्यायचं ठरवलं. शास्त्री नगरात दुकानात गेलो. मला पाऊण तास स्टुलावर बसवून ते एका पाटाला रंधा मारत होते. एवढा वेळ पाटाला लागत नाही.

मी माफी मागितली नाही. म्हटलं, झालं ते झालं, थोडी चूक तुमचीही होती. त्यांनी पाठ फिरवली. मग म्हटलं, माझी जास्त होती. रंधा थांबला नाही. जास्त आणि सगळी यात फरक असतो. पवनजींनी तो फरक माझ्याकडून काढून घेतला. शेवटी म्हणाले, परसों आऊंगा, माताजी के लिए. आपके लिए नहीं.

ठीक आहे. कारण काही असो.

कादंबरीने आज विचारलं, काम कुठवर आलं. लिहिलं, फायनल स्टेज. तिने अंगठा पाठवला. आधी बदाम पाठवायची अशी माझी आठवण आहे, पण चॅट वर जाऊन बघितलं तर अंगठाच होता.

२० सप्टेंबर, शनिवार

पवनजी आले. म्हणाले घाबरायचं काही नाही, बिजागऱ्यांच्या स्क्रूची भोकं बघू, दाराची भोकं आणि चौकटीची भोकं जुळली की झालं. त्यांनी पहिलं दार उभं केलं, कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरं. मग विचारलं, छेद कहाँ गए? मी म्हटलं, पुट्टी. दोन्हीकडे? दोन्हीकडे.

ते हसले नाहीत. खाली बसले आणि पाणी मागितलं.

मग आई आली. एकेक दार हातात घेतलं, तोललं, नाकाजवळ धरलं. म्हणाली हे मसाल्याचं, तीन हात रंगाखालून हिंगाचा वास येतोय. हे खालचं डावीकडचं, जड आहे, यालाच मी गुडघा टेकते. हे भुसावळला फुगलेलं, पावसात घट्ट बसायचं. पवनजी ती सांगेल तिथे लावून बघत होते. लागत होती. तीसेक वर्षं ती ही दारं रोज उघडत-मिटत होती आणि मी त्यांना लाकूड समजत होतो.

असं वाक्य पुन्हा लिहिणार नाही. भावनेच्या भरात गेलं.

संध्याकाळपर्यंत अकरा लागली.

२१ सप्टेंबर, रविवार

उरली सात. आई म्हणाली ही एकमेकांसारखीच आहेत, वेळ लागेल. मी म्हटलं मला वेळ नाही. पवनजी चहा पीत असताना मी रंधा घेतला आणि एका दाराची वरची कड तासली. बसेना म्हणून अजून. बसलं. इतकं बसलं की वरून हात आत जातो. मग दुसऱ्या दाराचं तसंच झालं, कारण मला आधीच्या दाराचा राग आला होता.

पवनजींनी माझ्या हातातून रंधा काढून घेतला, पिशवीत टाकला. आज सर्वपित्री, उद्यापासून नवरात्र. उद्यापासून त्यांचा भाव दुप्पट आणि सगळं शहर रांगेत. आईला नमस्कार करून गेले.

सात खणांना दारं नाहीत. तासलेली दोन आणि न जुळलेली पाच माझ्या पलंगाखाली आहेत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ओपन शेल्फ ही जगभर मान्य कल्पना आहे. उघड्या खणांत बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. आईने एका खणाला जुन्या साडीचा पडदा लावला, पाल शिरते म्हणे. मी काढला. तिने लावला. मी काढला. तिने लावला आणि लाटणं हातात ठेवलं. आहे तो पडदा राहू दे.

भिंतीला टाईल्सचे स्टिकर लावले. खऱ्या टाईल्स परवडत नव्हत्या. हुबेहूब निळी-पांढरी जयपुरी नक्षी. कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा गॅसमागचे चार स्टिकर वाफेने सुटून आमटीत पडले. आमटी टाकून दिली. आईने तिच्या नवरात्राच्या उपासापुरती भगर केली. आम्हाला ब्रेड.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज कादंबरीचा मेसेज. शब्दशः लिहून ठेवतो: दसऱ्याला आम्ही दोघी येऊ का? आईलाही तुझं काम बघायचंय.

दोघी. आईलाही. बघायचंय.

पूर्वी मुलाकडचे मुलीच्या घरी जायचे. आता मुलीकडचे स्वतःहून येतात. प्रागतिक लोक आहेत. घरी सांगितलं, दसऱ्याला पाहणी आहे. बाबा म्हणाले कसली पाहणी, ती लोकं सोनं द्यायला येतायत. मी म्हटलं दिसेलच.

केस कापून घ्यायचे. हेतुपुरस्सर साधा शर्ट. विचारलं काय करतोस, तर सांगायचं, सध्या स्वतःचं काही सुरू करतोय. हे खोटं नाही. स्वतःचं आहे आणि सध्या आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

लिहायचं की नाही विचार करत होतो. लिहितो.

पाच वाजता आल्या. आपट्याची पानं दिली-घेतली, आईने श्रीखंड दिलं. तिची आई, विजयालक्ष्मीकाकू, सोफ्यावर बसल्याच नाहीत, सरळ किचनमध्ये. कादंबरीने हिरवी साडी नेसली नव्हती, पण पिवळी छान दिसत होती.

काकूंनी दारं उघडून बघितली, मिटून बघितली. उघड्या खणांसमोर थांबल्या. त्या म्हणाल्या, हे असं मधेमधे उघडं ठेवायचं कसं सुचलं रे, मासिकात असतं तसं आहे. मी म्हटलं, डिझाईन. मागे आई खोकली.

मग काकूंनी पर्समधून टेप काढला. खरंच. ओट्याची उंची मोजली, खणांची खोली मोजली, फोनमध्ये लिहून घेतलं. मला वाटलं मुलगी नांदणार त्या घरात ओटा तिच्या उंचीला जुळतो का हे आई बघणारच. छाती भरून आली. मी बाबांकडे बघितलं. बाबाही टेपकडेच बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. माझ्याआधी कळलं त्यांना. सिग्नलचा माणूस.

"कौस्तुभ, आमच्याकडचं काम घेशील?" काकू म्हणाल्या. "कपाटं जुनीच ठेवायची आहेत, सासूबाईंची आहेत. डिसेंबरच्या आत हवंय. चौदाला हिचं लग्न, घर पाहुण्यांनी भरेल."

वेळ जावा म्हणून श्रीखंडाचा चमचा तोंडात घातला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

कादंबरी माझ्याकडे बघून इतकी मोकळी हसली की तिला काही माहीतच नव्हतं हे मला तेव्हाच कळलं. राग करायला तेवढीही जागा तिने ठेवली नाही.

"मीच म्हटलं आईला, बाहेरचा माणूस कशाला. आपला कौस्तुभ आहे की."

आपला. हा शब्द मला महिनाभर ऐकायचा होता.

मुलगा नागपूरचा आहे. तोही डोळ्यांचाच डॉक्टर. फोटो दाखवला. मी म्हटलं चांगला आहे. चष्मा आहे त्याला. डोळ्यांच्या डॉक्टरला चष्मा. हे मी बोललो नाही, इथे लिहितोय.

दारापर्यंत सोडायला गेलो. काकूंनी विचारलं, तुझा रेट काय? मी म्हटलं कळवतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर खोलीतच. आईने दोनदा चहा आणून ठेवला. काल तिने एवढं पाहिलं आणि तिच्या तोंडून एक टोमणा आला नाही. त्याचाच जास्त राग येतोय.

संध्याकाळी बाबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं आता समजूत काढणार, आणि मी तयारीत होतो. त्यांनी विचारलं, रेट काय सांगणार आहेस. मी म्हटलं मी जाणार नाही. ते म्हणाले बरं. थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, दिवसाच्या हिशेबाने सांगू नकोस, एकूण कामाचा सांग, तू हळू आहेस. आणि गेले.

निश्चय: जाणार नाही. कुणाच्या लग्नासाठी मी दारं घासणार नाही. मेसेज लिहिला, तब्येत बरी नाही, दुसरं कुणी बघा. पाठवला नाही. रेंज नव्हती. नंतर आली, तेव्हाही पाठवला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

विचार केला. गेलो नाही तर पवनजी जातील. पवनजी तिच्या घरात रंधा मारणार आणि मी इथे पलंगावर. ते नको.

शिवाय एक गोष्ट लक्षात आली. किचन मी करणार. लग्न कुणाशीही होऊ दे, माहेरी येईल तेव्हा ती माझ्या हातच्या ओट्यापाशी उभी राहणार. ओटा तिच्या कोपराच्या बरोबर उंचीचा करीन. तिला कळणारही नाही की पाठ का दुखत नाही. मला कळेल. तेवढं पुरे आहे. एवढ्यावर माणूस जगू शकतो.

दुपारी १२. तिला मेसेज केला. काम घेतो. उद्या अकराला माप घ्यायला येतो. ओट्यासाठी तुझी उंची किती?

दुपारी १२.२०. उत्तर आलं. माझी नको रे, आईच्या मापाने घे. मी तर नागपूरलाच असणार.

दुपारी ३. काकूंना फोन केला. पाच फूट एक. लिहून घेतलं.